चव त्यांची, चोरी यांची

दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या शेजारी दारूचा विषय काढला म्हणून सोवळे वाचक नाक मुरडतील. त्यांनी खुशाल मुरडावे. पिण्याची भलावण करायला आम्ही लेखणी उचललेली नाही. एकाच गुणाला विलायतेत रसिकता आणि सातपुड्यात गुन्हा म्हणायची जी खोड आपल्याला जडली आहे, तिच्याविरुद्ध ती उचलली आहे.

इंग्रजांची 'एल' घ्या. मोड आणून भाजलेले सातू, हॉपच्या वेलीची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी, एवढाच तिचा संसार. पिंपात भरल्यावरही ती आतल्या आत मुरत राहते. ती बर्फात घालत नाहीत, तळघराच्या गारव्यातच पितात. फार गारठली की तिचा वास आणि चव दोन्ही मरतात. पुढे बड्या कारखान्यांनी गाळलेली, वायू कोंबलेली बिअर गावोगाव लादली, तेव्हा १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी जुन्या एलसाठी चळवळ उभारली. आता तिच्या चाखण्याच्या जत्रा भरतात, आणि विलायतेहून परतलेली आपली मंडळी त्यांचे वर्णन मोठ्या कौतुकाने ऐकवतात.

आता चोपडा-यावलच्या, शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात या. फाल्गुन-चैत्रात रात्री गळलेली मोहाची फुले पहाटे बायकापोरे वेचतात आणि वाळवतात. ती भिजवून आंबवायची, मडक्यात उकळायची आणि वाफ निववून थेंब थेंब धरायची. फूल कसे वाळले, विस्तव मंद होता की भडक, हे सारे त्या धारेत उतरते. 'पहिल्या धारेची' हा शब्द मराठीला काही पंडितांनी दिलेला नाही, तो भट्टीवरूनच आला! भिल्ल-पावऱ्यांच्या घरी लग्न असो की देवकार्य, आधी धार धरतीला आणि पूर्वजांना, मग माणसांना.

पण पोलिसी बातमीत या आंबवणाला नाव काय? 'सडवा'! सातू आंबले तर मुरतात आणि मोह आंबला तर सडतो, हे रसायनशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवतात?

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क घरातून काढून ठेकेदाराच्या हाती दिला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही तो घराला परत केला नाही. त्याच राज्याने २००१ साली द्राक्षांच्या वाइनसाठी मात्र खास धोरण आखले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रदेशाने २०२१ साली मोहाच्या दारूला वारशाचा मान जाहीर केला. आपल्याकडे त्याच वर्षी मोहफुले गोळा करण्यावरचे आणि वाहून नेण्यावरचे निर्बंध उठले. फूल सुटले, मडके मात्र अजून आरोपीच!

यावर कोणी म्हणेल, दारूनेच आदिवासी बुडाला. खरे आहे, आणि ते त्यांनी आपल्याआधी ओळखले. तळोद्याकडच्या गुला महाराजांनी १९३० नंतरच्या दशकात हजारोंना दारू सोडायला लावली. १९७० नंतर शहाद्याच्या आदिवासी बायांनी गुत्त्यांवर चालून जाऊन मडकी फोडली. त्या बायांपुढे आम्ही मान लववतो. पण त्यांचा राग गुत्त्याच्या धंद्यावर आणि नवऱ्याच्या मारावर होता. गूळ-नवसागराची हातभट्टी आणि सणाची मोहाची धार यांतला फरक त्यांना कळत होता. कायद्याला तो अजून कळत नाही.

तो कळवून घेण्याची वाट मोकळी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मद्याची बंदी किंवा नियमन करण्याचा अधिकार मिळावा, असे म्हटले आहे. तो अधिकार खरोखर तिच्या हाती द्या. गावच्या बाया म्हणाल्या, बंद, तर बंद. म्हणाल्या, सणापुरती घरात चालेल, तर पोलिसांनी त्या घराचा उंबरा ओलांडू नये. आणि ज्यांना एलच्या फेसावर तासभर बोलता येते, त्यांनी मोहाचे नाव निघताच तोंड फिरवू नये.