नकाशावरील ‘किरकोळ’ फेरबदल

नवी मुंबईत सीवूड्सजवळच्या पाणथळ जमिनीवर गोल्फ मैदान व निवासी इमारती उभारता याव्यात म्हणून २०१६ साली भूवापरात बदल करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तो रद्द ठरविला. प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या महापालिकेच्या प्रारूप विकास आराखड्यात या परिसरातील पाणथळी निवासी क्षेत्रात दाखविल्या गेल्या आणि नागरिकांना पुन्हा हरकती लिहीत बसावे लागले.

ठाणे खाडीत सुमारे १,६९० हेक्टरांचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून अस्तित्वात असताना बाहेरच्या चार तळ्यांचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात आहे. ओहोटीला खाडीतील चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी तेथे शेवाळ व सूक्ष्म जीव टिपतात. दिवसातून दोनदा भरती येते, पट्टे बुडतात; मग त्यांना उभे राहावयास दुसरीकडे उथळ पाणी लागते. ते सीवूड्स-नेरूळच्या या तळ्यांत मिळते. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीला बोटही न लावता, केवळ शेजारच्या भूखंडाचा नकाशावरील रंग बदलून ते निकामी करता येते! २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डी.पी.एस. तलावात भरतीचे पाणी येईनासे झाले, तलाव आटला आणि आसपास मृत व जखमी पक्षी आढळले. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ रोहित ठार झाले. या दोन घटनांचा संबंध जोडण्याची घाई करू नये. तथापि, नव्या विमानतळाशेजारी थारा मोडलेले थवे कोठे उडतील, याची चिंता केवळ पक्षिमित्रांनी करावयाची नाही.

शहराला घरे हवीत, हे खरे. शिक्षक-कारकुनांना येथे घर घेणे दुरापास्त झाले आहे, हेही खरे. पण खाडीकाठच्या मनोऱ्यांतील सदनिका त्यांच्यासाठी नसतात. गोल्फ मैदान तर नाहीच. उलट, भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस सामावून घेणारी सखल जागा बुजली, तर पाणी त्यांच्याच तळमजल्यांत शिरेल.

नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ अन्वये आराखड्याचे स्वरूप पालटणार नाही एवढाच फेरबदल करता येतो. पाणथळीचे निवासी क्षेत्र होणे यात कसे बसते, हे नगररचना खात्याने सांगावे. डी.पी.एस. तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा शासनाचा २०२५ मधील निर्णय स्वागतार्ह होता. तोच न्याय शेजारच्या पाणथळींना लावून त्यांची बांधकाममुक्त क्षेत्र अशी नोंद आराखड्यातच व्हावयास हवी. आणि पुन्हा फेरबदलाची सूचना निघाली, तर हरकतीसाठी मिळणारा एक महिना वाया जाऊ देऊ नये.