गोऱ्यांनी शहर आखलं, आपली वस्ती कुणी आखली?

विद्यापीठांच्या चर्चासत्रांत सध्या एक विषय जोरात आहे: वसाहतवादाचा वारसा आणि शहराचा परीघ. इंग्रजी कादंबऱ्या घ्यायच्या, त्यांतली चाळ, झोपडपट्टी, फूटपाथ शोधायचा आणि शेवटी सांगायचं की हे सगळं इंग्रजांनी मागे ठेवलेलं ओझं आहे. एम.ए.ला असताना मलाही हेच शिकवलं गेलं. ही मांडणी खोटी नाही, पण अर्धी आहे. आणि जो अर्धा भाग गाळला जातो, त्यात नेमके आपण राहतो.

खरं आहे तेवढं आधी मान्य करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. घरं जितकी पाडली तितकी बांधली नाहीत. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. २०७ इमारती, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. कामगाराने दिवसभर गिरणीत राबावं आणि रात्री पाठ टेकावी, एवढाच त्यामागचा हिशेब.

पण या गिरणीत आणि चाळीत कोण कुठे असेल, हे काय फक्त गोऱ्या साहेबाने ठरवलं? गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र मँचेस्टरचं, भांडवल शेठजीचं आणि नियम मनूचा. तिघांचं छान जमलं होतं.

फ्रांत्झ फॅनन याने १९६१च्या आपल्या पुस्तकात वसाहतीतलं शहर दोन कप्प्यांत कापलेलं असतं, असं मांडलं. आपले प्राध्यापक फॅननवर तासभर बोलतात. पण अस्पृश्य गावाबाहेरच का राहतात, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये विचारला होता, हे त्या तासात क्वचित येतं. फॅननच्या शहरातली रेघ गोऱ्याने ओढली. आपल्याकडे गोरा आला तेव्हा गावकूस आधीच उभं होतं. त्याने ते पाडलं नाही, उलट नगररचनेत वापरलं.

आता कथा-कादंबरीकडे येऊ. रोहिंटन मिस्त्री यांच्या 'अ फाइन बॅलन्स'मध्ये (१९९५) ईश्वर आणि ओम हे चांभार समाजातले काका-पुतणे शिंपी होऊन शहरात येतात. गावातला जातीचा अत्याचार लेखकाने अंगावर काटा येईल असा लिहिला आहे. पण शहरात आल्यावर जात मागे पडते आणि आणीबाणी, बुलडोझर, गरिबी पुढे येते. जणू गाव म्हणजे जात आणि शहर म्हणजे फक्त दारिद्र्य.

मनू जोसेफ यांची 'सीरियस मेन' (२०१०) तर थेट आपल्या दारात येते. तिचा नायक अय्यन मणी बीडीडी चाळीत राहतो, ब्राह्मण शास्त्रज्ञांच्या संस्थेत कारकुनी करतो आणि आपला मुलगा अलौकिक बुद्धीचा असल्याची थाप जगाच्या गळी उतरवतो. अय्यनचा उपहास झणझणीत आहे, संस्थेतला ब्राह्मणी दंभ तो बरोबर पकडतो. तक्रार दुसरी आहे. या दलित माणसाची बुद्धी फसवणुकीतच खर्च होते आणि आपलं राजकारण येतं ते पुढारी आणि जमाव म्हणून. ज्या वरळीत १९७४ साली पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, ज्या दंगलीच्या काळात भागवत जाधव शहीद झाले, त्या वरळीचा हा इतिहास कादंबरीचा कणा होत नाही. चाळ दिसते, चळवळ दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, दलित पात्र नेहमी नायकच हवं का? मुळीच नाही. बाबुराव बागुलांची माणसं कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? मातुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक चक्क जात लपवतो. पण तो का लपवतो, हे बागुल एका क्षणासाठीही विसरू देत नाहीत. रेल्वे इंग्रजांनी आणलेली, नोकरी स्वतंत्र देशातली, आणि डोक्यावर छप्पर हवं तर जात सांगा. वसाहतीचा वारसा आणि जात एकमेकांत कशी गुंतलेली असते, हे ती एक कथा दहा शोधनिबंधांपेक्षा नीट सांगते.

शिवाय आपल्यासाठी हा वारसा दुधारी आहे. परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या त्या खोल्यांत देशातल्या सर्वांत मोठ्या मुक्तिलढ्याचा अभ्यास झाला. इमारत साहेबाची होती, अर्थ आपण दिला. म्हणून 'सगळं वाईट इंग्रजांनी केलं' हे गाणं आपल्याला परवडत नाही. त्या गाण्याच्या आवाजात गावकूस बांधणारे सुटून जातात.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. बीडीडी चाळी आता पडताहेत. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर मिळतंय. ते मिळालंच पाहिजे, तो आपला हक्क आहे. पण चाळीसोबत तिथली विहारं, जयंतीच्या बैठका, जिन्यात बसून केलेला अभ्यास, शाहिरांचे जलसे यांची नोंद कोण करणार? आणि टॉवरमध्ये जात संपेल म्हणता? मुंबईत भाड्याने घर शोधायला निघा. एजंट जात विचारत नाही, आडनाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही, तर 'व्हेज की नॉनव्हेज?' विचारतो. बागुलांच्या कथेतला प्रश्न साठ वर्षांत फक्त सभ्य झाला आहे.

मित्रांनो, शहराच्या परिघावरची कोणतीही कादंबरी हातात घ्याल तेव्हा तिला एकच प्रश्न विचारा: हा माणूस नेमका इथेच का राहतो? 'गरीब आहे म्हणून' एवढंच उत्तर मिळालं, तर समजा लेखक दारापर्यंत आला, आत आला नाही. आत आपण आहोत. चाळ पडण्याआधी आजी-आजोबांकडून ऐकून घ्या, लिहून ठेवा, आणि टॉवरची पहिली खरी कादंबरी तुमच्यापैकीच कुणीतरी लिहा.

जय भीम!