सुई-दोरा मुलग्यांच्याही हाती द्या

कार्यानुभवाच्या तासाला सुई-दोरा काढला की मुलगे मागे सरकतात. का बरं? आपल्या वसई-विरारच्या बाजारात मशीनवर बसलेले टेलर पुरुषच तर दिसतात! १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. आपण तो वहीत चिकटवलेल्या नमुन्यांपुरता ठेवला, आणि तेही पुष्कळदा आईनेच शिवलेले.

माझं म्हणणं, नमुन्याचं कापड नकोच. मुलाचा स्वतःचा जुना शर्ट घ्या. आधी तुटलेलं बटण, मग उसवलेल्या शिवणीवर उलटी टीप (धावदोऱ्यापेक्षा ती पक्की), शेवटी खिशावर साखळी टाक्याने नावाचं अक्षर. दोरा हातभरच ओवा, लांब घेतला की गुंततो. आणि पालकहो, वाकडे टाके रात्री गुपचूप उसवून सरळ करू नका. शर्ट तसाच घालून त्याला शाळेत पाठवा.