धुराचाही हिशेब ठेवा

‘आधी पोट, मग पर्यावरण’ हे वाक्य आपल्याकडे सुविचारासारखे ऐकवले जाते. निर्बंध आले की कारखाने बंद पडतात आणि मरण होते ते गरिबाचे, असा हा युक्तिवाद. त्यातली रोजगाराची काळजी खरी आहे. खानदेशातून पोटासाठी सुरतेला गेलेली हजारो मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा भागात राहतात. तिथल्या यंत्रमागांवर आणि डाइंग मिलांवर त्यांची चूल पेटते. पण हा युक्तिवाद खोडून काढते ती सुरतच.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे हाती लागेल ते घेऊन शहराबाहेर पळाली. हिऱ्यांना पैलू पाडणारी चाके थांबली, माग थांबले. हे उद्योग कोणत्या पर्यावरण कायद्याने बंद पाडले होते? पुरानंतर साचलेल्या घाणीने आणि न उचललेल्या कचऱ्याने! पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज वस्त्यांत उतरवले आणि शहर धुऊन काढले. त्यामुळे सुरतेचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला.

यावर दुसरा आक्षेप येतो: झाडू परवडतो, धूर आवरणे परवडत नाही. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलरमध्ये कोळसा जळतो आणि त्याची काजळी वस्तीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत धूलिकणांचा बाजार सुरू केला; अशा प्रकारचा तो जगातला पहिलाच. चिमणीत मोजणी यंत्र बसले. एकूण किती किलो धूळ सोडायची याची मर्यादा ठरली आणि तेवढेच परवाने निघाले. कमी धूळ सोडणाऱ्याने उरलेले परवाने विकायचे, जास्त सोडणाऱ्याने विकत घ्यायचे. संशोधकांनी बाजारातल्या आणि बाजाराबाहेरच्या कारखान्यांची तुलना केली. बाजारातल्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी भरली आणि ती आवरण्याचा खर्चही घटला. पाण्याचेही तेच. २०१४ पासून बमरोलीच्या प्रकल्पात शहराचे सांडपाणी शुद्ध होऊन पांडेसऱ्याच्या मिलांना विकले जाते. त्यातून पालिकेला पैसा मिळतो, मिलांना पाणी मिळते आणि तापीवरचा भार हलका होतो.

म्हणून सगळे बाजारावर सोडावे, असे मात्र मी म्हणत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले आणि विषारी वायूने सहा कामगारांचा जीव घेतला. जिथे मोजणी नाही आणि शिक्षेचा धाक नाही, तिथे नफा एकाचा होतो आणि त्याची किंमत दुसरा प्राणाने मोजतो. ‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, त्या सहा जणांना पोट नव्हते का?

विकास आणि पर्यावरण यांचे वैर नाही. वैर आहे ते अर्धवट हिशेबाशी. जे शहर हिरा सेंटमध्ये तोलते आणि कापड मीटरने मोजते, ते धूरही किलोने मोजू शकते, हे सुरतेने दाखवून दिले आहे. पंचगंगेकाठी इचलकरंजीतही कापडच रंगवले जाते. तिथल्या प्रत्येक चिमणीला आणि प्रत्येक नाल्याला मोजणी यंत्र लावा, आणि आकडे रोज गावासमोर फलकावर लिहा.