एका नुक्त्याची गोष्ट

गेल्या रविवारी गिरगावात खोताच्या वाडीत गेले होते. माझा स्कार्फ पाहून ओट्यावरच्या एका आजोबांनी विचारलं, "कोण पाहिजे?" म्हटलं, "कोणी नाही, मराठी शिकवते, वाडी बघायला आले." ते हसले. "मग बसा ना बाई."

अशा चौकशीचा मला राग येत नाही. घराला राखण हवीच. शरीरालाही ती असते. पेशींतले 'टोल-लाइक रिसेप्टर' नावाचे काही पहारेकरी विषाणूचा आरएनए दिसला की दाह सुरू करतात. पण आरएनए तर आपल्या पेशींतही असतो. मग आपलं-परकं कळतं कसं?

आपल्या आरएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ साली दाखवलं की अशा खुणा असल्या की पहारेकरी फारसे चवताळत नाहीत. त्यातली एक खूण म्हणजे युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन. अणू तेच आणि तेवढेच, फक्त जोड दुसऱ्या जागी. उर्दू वाचणाऱ्याला हे लगेच कळेल: नुक्ता वर दिला तर 'खुदा', खाली दिला तर 'जुदा'.

आणि ओळखच चुकली तर? 'एडीएआर-१' हे एन्झाइम आपल्या दुपदरी आरएनएतली काही अक्षरं बदलतं. त्यात जन्मतः दोष असेल, तर शरीर स्वतःच्याच आरएनएला विषाणू समजू शकतं. मग लहान मुलांच्या मेंदूला इजा करणारा एकार्डी-गूतिएर हा आजार होतो. शत्रू आलेलाच नसतो, तरी घर पेटतं.

कारिको-वाइसमन यांच्या शोधावर फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशी उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पण २०२१ मध्ये 'लस डीएनए बदलते' असे मेसेज आपल्या मोहल्ल्यांत फिरत होते, तेव्हा बीएड झालेल्या मला माझ्या खालालाही समजावता आलं नाही. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड तर वेगळ्याच पद्धतीची, हेही मला माहीत नव्हतं. १८९७ साली हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हाही अफवा होत्याच.

दोष खालाचा नव्हता. तिच्या भाषेत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. विज्ञान इंग्रजीत राहतं आणि अफवा उर्दू-मराठीत येते, मग विश्वास कशावर बसणार? हे काम आपणा भाषाशिक्षकांचंही आहे.

शरीराला ही ओळख उपजत मिळते. आपल्याला मात्र दोन शब्द विचारावे लागतात, आणि उत्तर ऐकून घ्यावं लागतं. त्या आजोबांनी तेवढंच केलं.