रविवार कुणाचा?

"उद्या काय बेत?" शनिवारी आम्ही मैत्रिणी एकमेकींना विचारतो. उत्तरं ऐका: दळण, गोधड्या धुणं, मुलांचा अभ्यास. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गेली कित्येक वर्षं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत आलंय. ती पाळी रविवारी आली की हिमायतबागेचा बेत बारगळलाच. वाळूजच्या कारखान्यात आठवडाभर उभी असणारी मैत्रीणही याला सुट्टीच म्हणते!

ही सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाली. त्या मागणीच्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. पण घरकामाला सुट्टी कुठली? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे थोडे पुरुष ते करतात, ते ८८.

देवाला, दर्ग्याला, लग्नाला जायला घरून ना नसते. नुसतं मैत्रिणीशी बोलत बसायला मात्र कारण द्यावं लागतं. मला वाटतं, बिनकारणाचा हा वेळच आपण मागायला हवा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एवढं ठरवा: रविवारी दुपारचे दोन तास कुठे बसायचं, आणि तेव्हाच पाणी आलं तर घरात ते कोण भरणार.