पोपटाचीं पिलें घरीं आणण्यापूर्वीं

परीक्षा संपून सुटी लागली कीं कित्येक घरांत मुलांची एक मागणी ठरलेली असते: पोपट पाळावयाचा. वडील मंडळींची हरकत नसते, आजीस तर कौतुकच असतें. परंतु पूर्वीं कोणी पक्षी पाळलेला नसल्यामुळें तयारी कोठून करावी हें उमगत नाहीं, आणि मग सारेजण उठून प्रथम पिंजरा घेऊन येतात. आमच्या मतें पिंजरा ही तिसरी पायरी आहे. पहिली, कोणता पोपट आणावयाचा ही. आणि दुसरी, त्याचें करणार कोण ही.

‘पोपट’ म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो लाल चोंचीचा हिरवा रानपोपट. त्याचें आपल्या वाङ्मयाशीं नातें फार जुनें. शुकसारिकांस बोलावयास शिकविणें ही चौसष्ट कलांपैकीं एक मानिली आहे. आणि बाणभट्टाच्या ज्या ‘कादंबरी’वरून आपण एका सबंध वाङ्मयप्रकारास नांव दिलें, तिची कथाही बहुतांशीं वैशंपायन नांवाच्या पोपटाच्या मुखांतून येते. परंतु त्या पोपटाचें पूर्ववृत्त किती वाचकांच्या स्मरणांत आहे? एक वृद्ध शबर शाल्मलीवृक्षावर चढतो, पिलें फळांसारखीं काढून मारून खालीं टाकतो. पंखाखालीं झांकून धरणारा बापही मरतो, आणि हें एक पिलूं वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वांचतें. आजही बाजारांत गुपचूप विकावयास येणाऱ्या रानपोपटाच्या पिलांची हकीकत याहून फारशी निराळी नाहीं. झाडांच्या ढोलींतून तीं काढतात, आणि गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्यापूर्वींच त्यांतलीं पुष्कळ मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें हा पोपट पकडणें, विकणें किंवा घरांत बाळगणें हा गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे. ‘आमच्या आजोबांच्या घरीं होता’ हें समर्थन तेथें चालत नाहीं, आणि चालूंही नये.

मकाव, आफ्रिकेंतला राखी पोपट असल्या मोठ्या परदेशी जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं नोंद करावी लागते. शिवाय त्यांतले कांहीं चाळीस-पन्नास वर्षें जगतात, म्हणजे मृत्युपत्रांत त्यांची व्यवस्था लिहून ठेवण्याचा प्रसंग! प्रथमच पक्षी आणणाऱ्या कुटुंबास शोभेल असा पोपट म्हणजे ऑस्ट्रेलियांतला चिमुकला बजरीगर. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० मध्यें तो जिवंत इंग्लंडांत नेला. आज दुकानांत दिसतात ते पाळीव जोड्यांपासूनच वाढविलेले असतात. आपल्याकडे दुकानदार त्यास सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण लव्हबर्ड हा वस्तुतः आफ्रिकेंतला निराळा पक्षी होय. बजरीगराचें वजन ३० ते ४० ग्रॅम. नीट ठेविल्यास तो सात-आठ वर्षें, क्वचित् अधिकही, जगतो.

आतां त्याचें करणार कोण? आज पांचवींत असलेला मुलगा तोंवर महाविद्यालयांत गेलेला असेल. एकत्र कुटुंबांत तर आणखी एक अडचण आहे: जें सर्वांचें तें कोणाचेंच नसतें. काकूंस वाटतें वन्सं दाणे घालतील, वन्संना वाटतें मुलांनीं घातले असतील. त्यांतून बजरीगर दाण्याचा गर खाऊन टरफल वाटींतच टाकतो. वरवर पाहणारास वाटी भरलेली दिसते आणि आंत नुसता कोंडा असतो! भरल्या वाटीपुढें पक्षी उपाशीं मरतात ते असे. म्हणून एका वडील माणसाकडे हें काम नांवानिशीं सोंपवावें. मुलांनीं हाताखालीं मदत करावी. रोज सकाळीं कोंडा फुंकून टाकणें, पाणी बदलणें, तळाचा कागद काढणें, एवढें ज्याच्या हातून चुकणार नाहीं असें माणूस घरांत नसेल, तर पोपट आणूं नये.

एक आणावा कीं दोन? बोलका पोपट हवा असेल तर एकटाच ठेवावा, असें सांगतात. तें खोटें नाहीं. जोडीदार असला कीं पक्षी आपल्या भाषेचा नाद करीत नाहीं. परंतु बजरीगर रानांत थव्यानें राहणारा जीव. घरांतलीं माणसें शाळा-कचेरीस गेल्यावर त्यानें सहा-सहा तास कोणाशीं बोलावें? वर्गांत आम्ही ‘पोपटपंची’ हा शब्द जन्मभर निंदार्थींच वापरीत आलों. तिच्याकरितां एका जिवास एकांतवासाची शिक्षा द्यावी हें आम्हांस पटत नाहीं. दोनच आणावे, आणि शक्य तर दोन्ही नर. दुकानदार पिंजऱ्यांत टांगावयास मडकें देऊं लागेल, तें घेऊं नये. मडकें दिसलें कीं मादी अंडीं घालावयास लागते, आणि वर्षाच्या आंतल्या मादीच्या पोटांत अंडें अडकून ती दगावण्याचें भय असतें.

पिलूं स्वतः दाणे टिपणारें, म्हणजे सुमारें सहा ते आठ आठवड्यांचें असावें. कपाळावरच्या आडव्या रेघा थेट चोंचीपर्यंत पोंचलेल्या असल्या आणि डोळा सगळा काळाभोर असला, कीं तें लहान समजावें. तीन-चार महिन्यांनीं पिसें झडलीं कीं कपाळ पिंवळें किंवा पांढरें होतें. फुगून, डोळे मिटून बसलेलें, किंवा शेपटीखालीं मळलेलें पिलूं दया येऊनही घेऊं नये.

पिंजरा उंचीपेक्षां लांबीनें मोठा हवा, कारण पक्षी आडवा उडतो. जोडीस निदान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असावा. गजांतलें अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावें. माळ्यावरचा जुना गोल पितळी पिंजरा शोभेस ठेवावा. धातु कुरतडून पक्ष्यांस विषबाधा होते. बसावयास पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, कमीअधिक जाडीच्या फांद्या धुऊन लावाव्या.

खरी तयारी करावयाची ती घराची. पक्ष्यांचीं फुप्फुसें हवा फार चटकन् शोषून घेतात, म्हणून जो धूर आपणांस नुसता ठसका आणतो तो त्यांस घातक होऊं शकतो. अन्न न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा तापून राहिला, तर त्याच्या वाफेनें पोपट कांहीं मिनिटांत मरतात. तेव्हां पिंजरा स्वयंपाकघराजवळ नको. देवघराजवळही नको, कारण तेथें धूप, कापूर आणि उदबत्त्या. आणि डासांची उदबत्ती जळते त्या खोलींतही नको. माणसांचा वावर असलेली, एका बाजूस भिंत असलेली, थेट ऊन्ह न लागणारी जागा निवडावी. पक्षी बाहेर सोडावयाचा तर आधीं छताचा पंखा बंद करून खिडक्या लावाव्या. रात्रीं त्यास दहा-बारा तास झोंप हवी. दमेकरी माणूस असेल तर वैद्यांचा सल्ला घ्यावा, आणि पिंजरा साफ केल्यावर हात धुण्याचा नियम सोंवळ्याइतकाच कडक पाळावा.

अन्न म्हणजे नुसते दाणे नव्हेत. राळे, वरी, बाजरी हीं मुख्य. त्यांबरोबर कोथिंबीर, मेथी, किसलेलें गाजर रोज थोडथोडें. चुन्याच्या पुरवठ्यास समुद्रफेस टांगावा. मिरची पोपटास तिखट लागतच नाहीं, म्हणून तो ती खुशाल खातो. चहांत बुडविलेलें बिस्किट, मीठ, चॉकोलेट व अवकाडो मात्र कटाक्षानें वर्ज्य. शेवटचीं दोन तर विषच.

दिवाळीच्या फटाक्यांत पिलें आणूं नयेत. आणलेल्या दिवशीं पाहुण्यांस बोलावूं नये. पहिले चार-पांच दिवस कोणीं हात घालूं नये, नुसतें जवळ बसून हळू बोलावें. दुकानांत जे दाणे मिळत होते तेच आरंभीं द्यावे. पहिल्या रात्रीं खोलींत मंद दिवा राहूं द्यावा, म्हणजे अंधारांत दचकून तीं गजांवर आपटणार नाहींत. पक्षी आजार लपवितो आणि लहान पाखरूं एका दिवसांत हातचें जातें. म्हणून पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कोठें आहे याची चौकशी आधींच करून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत पिलांनीं दाण्यास चोंच लाविली नाहीं, तर संध्याकाळची वाट न पाहतां त्याच्याकडे जावें.